नाक्यावरची जकात आणि घरातली जकात

वाचकहो, मुलुंडचा जकात नाका आपल्यापैकी बहुतेकांनी पाहिलेला असेल. लालबहादूर शास्त्री मार्ग, म्हणजे आपल्या वडीलधाऱ्यांच्या तोंडचा आग्रा रोड, जेथे ठाण्याच्या हद्दीला भिडतो तेथे मालाने भरलेल्या ट्रकांची रांग लागलेली असे. ड्रायव्हर खाली उतरून बिले दाखवीत, पैसे भरीत आणि मगच गाडी मुंबईत शिरे. दहिसर, ऐरोली, मानखुर्द येथेही असेच नाके होते. 1 जुलै 2017 रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला आणि मुंबई महानगरपालिकेची जकात बंद झाली. नाक्यावरची वसुली गेली, पण नाव गेले नाही. आजही रिक्षावाल्याला 'चेकनाका' म्हटले की त्याला पुढे काही विचारावे लागत नाही.

नाका चालू होता त्या काळातली एक गोष्ट सांगतो. रमजानचे शेवटचे दिवस होते. ओळखीच्या एका घरी आजी कागद-पेन्सिल घेऊन हिशेबाला बसल्या होत्या. सोने किती तोळे, शिल्लक रक्कम किती, त्याचा चाळिसावा हिस्सा किती, म्हणजे शेकडा अडीचप्रमाणे जकात किती निघाली, ती कोणाकोणाला पोहोचवायची, असे चालले होते. शेजारी बसलेला नातू नऊ-दहा वर्षांचा, मराठी शाळेत शिकणारा. त्याने विचारले, "दादी, चेकनाक्यावर ट्रकवाले जकात देतात ना, ती कोणत्या गरिबांना वाटतात?" घरातली सगळी मंडळी हसली. मुलगा मात्र ओशाळून गप्प बसला. त्याला उत्तर कोणीच दिले नाही.

खरे म्हणजे प्रश्न हसण्यासारखा नव्हता. अक्षरे तीच, उच्चार जवळजवळ तोच, आणि अर्थ मात्र एकीकडे इबादत, दुसरीकडे पालिकेचा कर. असे का व्हावे? दोन भाषांच्या मध्ये वाढणाऱ्या आपल्या मुलांना असे शब्द दररोज भेटतात. म्हणून त्या मुलाचा प्रश्न थोडा सविस्तर घेऊ या.

चेहरा एक, घराणी दोन

एकसारख्या दिसणाऱ्या शब्दांचे दोन वर्ग करता येतात. पहिला वर्ग अगदी निराळ्या मुळांतून आलेल्या, पण कागदावर जुळ्या भावंडांसारख्या दिसणाऱ्या शब्दांचा.

'तीर' हा शब्द घ्या. नदीतीर म्हणताना तो संस्कृत आहे, अर्थ काठ. तिरंदाजी म्हणताना तो फारसी आहे, अर्थ बाण. 'कुल' पाहा. कुलदैवतातले कुल म्हणजे घराणे, हे संस्कृत. कुलमुखत्यारपत्रातले कुल म्हणजे संपूर्ण, हे अरबी. म्हणून कुलमुखत्यारपत्र करून देणे म्हणजे आपले सगळे अधिकार दुसऱ्याच्या हाती देणे होय. त्यावर सही करण्यापूर्वी या लहानशा शब्दाचा अर्थ माहीत असलेला बरा! शम-दम यातला 'दम' म्हणजे संयम, तो संस्कृत. जिना चढून लागतो तो दम म्हणजे श्वास, तो फारसी, आणि दमा हा रोग त्याच्याच घरातला. गजाननातला 'गज' हत्ती आहे, तर कापडवाल्याचा गज फारसी माप आहे. 'जरा' म्हणजे संस्कृतात म्हातारपण. 'जरा थांबा' यातला जरा अरबीतून आला, त्याचा मूळ अर्थ कण. 'शेर' तर तिघांचे नाव आहे. फारसीत सिंह, अरबीतून आलेला गझलेचा शेर, आणि मेट्रिक वजने येण्यापूर्वी आपल्या वाण्याकडे असलेले वजन. 'शेरास सव्वाशेर' या म्हणीत दोन सिंहांची झुंज आहे असे काही मुलांना वाटते. तेथे सिंह नाही, तराजू आहे.

असे का होते? याचे एक कारण लिपीत आहे. उर्दूत 'ज़' या ध्वनीसाठी ज़ाल, ज़े, ज़्वाद आणि ज़ोय अशी चार अक्षरे आहेत. मराठीत लिहिताना या चौघांची जागा एकटा 'ज' घेतो, आणि मराठीचा आपला मूळचा 'ज' असतोच. त्यामुळे उर्दूत जे शब्द वेगळे दिसतात ते मराठीत एक होऊन जातात. दृष्टी या अर्थाची 'नजर' उर्दूत ज़ोयने लिहितात. भेट, नजराणा या अर्थाची नजर ज़ालने. पेशवाईच्या कागदांत अमक्याने श्रीमंतांस अमुक वस्तू 'नजर केली' असे येते. तेथे कोणी पाहिले असा अर्थ नाही, भेट दिली असा आहे. जुने मोडी कागद वाचणाऱ्या अभ्यासकाला हा भेद माहीत नसेल तर वाक्याचा अर्थच पालटेल. जिभेला मात्र काही भेद अजून आठवतात. 'जरा थांबा' मधला ज आणि 'जराजर्जर' मधला ज आपण निरनिराळे उच्चारतो, लिहितो मात्र एकच.

घराजवळचेच आणखी एक उदाहरण देतो. मुलुंड पूर्वेला मिठागर रोड आहे. सौदागर, कारीगर, जादूगर या शब्दांच्या ओळीत 'मिठागर' लिहिला तर तो मीठ करणारा माणूस वाटेल. पण सौदागर म्हणजे सौदा अधिक गर, हा 'गर' करणारा या अर्थाचा फारसी प्रत्यय आहे. मिठागर म्हणजे मीठ अधिक आगर. आगर ही मीठ पिकविण्याची जागा, आणि आगरी समाजाच्या नावातही हेच आगर आहे. शेवट सारखा दिसला म्हणून शब्द एका जातीचे होत नाहीत.

'खाली' या शब्दाने तर उर्दू बोलणाऱ्या घरातून मराठी शाळेत गेलेल्या कितीतरी मुलांना पहिल्या दिवशी गोंधळात टाकले असेल. गुरुजी म्हणतात, "खाली बस." मुलाच्या घरी खाली म्हणजे रिकामे. रिकामे कसे बसायचे? मराठी 'खाली' हा खालचा, खालून, खालावणे यांच्या कुटुंबातला. उर्दूचा 'ख़ाली' अरबी. आता गंमत पाहा. याच अरबी धातूपासून 'खलवत' म्हणजे एकांत हा शब्द झाला आणि मराठीने तो 'खलबत' म्हणून घेतला. गडावरच्या खलबतखान्यात रिकामी, म्हणजे इतर माणसे दूर केलेली खोली असे. म्हणजे अरबी 'ख़ाली'चे नातलग मराठीत अगोदरपासूनच सुखाने नांदत आहेत.

कधी कधी निराळे वाटणारे दोन शब्द शोधाअंती दूरचे चुलत भाऊ निघतात. संस्कृत 'आराम' म्हणजे उपवन. बौद्ध भिक्षूंच्या संघारामात तोच आहे. फारसी 'आराम' म्हणजे विश्रांती. हे दोन शब्द वेगवेगळ्या वाटांनी मराठीत आले. पण संस्कृत आणि प्राचीन इराणी या एकाच कुळातील भाषा आहेत, आणि स्वस्थ होणे, रमणे या अर्थाचा 'रम्' धातू दोन्हींकडे आहे. हजारो वर्षांपूर्वी वेगळे झालेले हे भाऊ मराठीच्या ओसरीवर पुन्हा भेटले, असे म्हणावयास हरकत नाही.

शब्द एक, मुक्काम निराळे

दुसरा वर्ग अधिक फसवा आहे. येथे शब्द खरोखर एकच असतो, पण प्रवासात त्याचा अर्थ बदललेला असतो. आताच मी 'हरकत नाही' असे लिहिले. अरबीत हरकत म्हणजे हालचाल. उर्दूत एखादे कृत्य, बहुधा वाईट कृत्य. "ये क्या हरकत है" असे आपण मुलांना रागावतो. मराठीत हरकत म्हणजे आक्षेप.

हा फरक केवळ करमणुकीचा नाही. माझ्या परिचयाचे एक वृद्ध गृहस्थ होते, उर्दूचे चांगले वाचक, मराठी जेमतेम लावून वाचणारे. रहिवाशांच्या एका यादीची नोटीस फलकावर लागली. 'ज्यांची हरकत असेल त्यांनी पंधरा दिवसांत लेखी कळवावे.' यादीत त्यांचे नाव चुकीचे छापलेले होते. त्यांनी नोटीस अक्षर न् अक्षर वाचली आणि घरी येऊन समाधानाने म्हणाले, "आमची काही हरकत नाही. आम्ही कोणाचे काही वाकडे केलेले नाही." पंधरा दिवस निघून गेले. पुढे ते नाव दुरुस्त करून घेण्यासाठी त्यांच्या मुलाला कामावर खाडे करून कित्येक महिने खेटे घालावे लागले. नोटीस लावणाऱ्याची चूक नव्हती, वाचणाराही निरक्षर नव्हता. ओळखीचा चेहरा पाहून त्यांनी परक्या अर्थावर विश्वास ठेवला, एवढेच.

असे शब्द थोडेथोडके नाहीत. 'तक्रार' अरबीत पुनरावृत्ती, उर्दूत भांडण, मराठीत गाऱ्हाणे. 'राजीनामा' म्हणजे मुळात राजीखुशीचा कागद. उर्दूत तो तडजोडीचा कागद राहिला, मराठीत नोकरी सोडण्याचा झाला. 'शिकस्त' फारसीत आणि उर्दूत पराभव. मराठीत मात्र 'प्रयत्नांची शिकस्त' करणारा हरलेला नसतो, त्याने काही बाकी ठेवलेले नसते. 'हाल' उर्दूत नुसती स्थिती, मराठीत वाईटच स्थिती. 'सही' तर प्रत्येकाच्या हातची आहे. मूळ अरबी सहीह, म्हणजे बिनचूक, प्रमाण. हदीसच्या प्रसिद्ध संग्रहाला सहीह बुखारी म्हणतात तो हाच शब्द. हिंदीत सही म्हणजे बरोबर. कागद प्रमाण असल्याची खूण म्हणून अधिकारी त्यावर जे लिही, त्यावरून मराठीत सही म्हणजे स्वाक्षरी झाली.

हे केवळ अरबी-फारसी शब्दांचेच होते असेही समजू नये. संस्कृत 'शिक्षा' पाहा. हिंदीत शिक्षा म्हणजे विद्या, मराठीत दंड. केंद्र सरकारचे 'सर्व शिक्षा अभियान' 2000-01 मध्ये सुरू झाले आणि 2018 मध्ये ते 'समग्र शिक्षा' योजनेत सामावले गेले. महाराष्ट्रातल्या शाळांच्या भिंतींवर हे नाव वाचून मुले काय म्हणाली असतील हे सांगावयास नको! शब्द संस्कृतच, दोन्ही भाषा संस्कृतच्याच लेकी, तरी अर्थ दोन.

जकातीचा प्रवास

आता मुलाच्या प्रश्नाकडे वळू. अरबी 'ज़कात' या शब्दात शुद्धी आणि वाढ असे दोन्ही अर्थ आहेत. संपत्तीचा ठरलेला हिस्सा बाजूला काढला की उरलेली संपत्ती शुद्ध होते, ही त्यामागची भावना. ती कोणाला द्यावयाची याचे आठ प्रकारचे हक्कदार कुरआनच्या सूरह तौबामध्ये सांगितले आहेत; त्यात गरीब आहेत, कर्जबाजारी आहेत, वाटसरूही आहेत.

ज़कात जशी सोन्या-चांदीवर तशी व्यापाराच्या मालावरही असते. खलीफा हजरत उमर यांच्या कारकिर्दीत (इ. स. 634 ते 644) व्यापारी वाटांवर वसुलीची ठाणी बसली. मुसलमान व्यापाऱ्याच्या मालावर शेकडा अडीच घेत, ते त्याच्या ज़कातीच्या हिशेबात धरले जाई. राज्यातील इतर धर्मीयांकडून शेकडा पाच आणि बाहेरच्या राज्यांतील व्यापाऱ्यांकडून शेकडा दहा घेत. म्हणजे ठाणे एक, माल एक. एकाकडून घेतलेली रक्कम धर्मादाय आणि दुसऱ्याकडून घेतलेली कर. ज़कात हा शब्द घरातून नाक्यावर आला तो येथे.

हिंदुस्थानात सुलतानांच्या अमलात मालावरील कराला हेच नाव रूढ झाले. 1665 मध्ये औरंगजेबाने दर ठरविले तेही मुसलमानांस अडीच टक्के व हिंदूंस पाच टक्के असेच होते, आणि 1667 मध्ये मुसलमानांचा कर त्याने माफ केला. एकाच बाजारातल्या दोन व्यापाऱ्यांत केलेला हा भेद आज कोणी न्याय्य म्हणणार नाही. इतिहास सांगताना तो लपविण्याचेही कारण नाही.

दख्खनमध्ये गोष्ट थोडी निराळी घडली. येथे राज्यकर्त्यांची भाषा फारसी, पण गावोगावचा हिशेब मराठी लिहिणाऱ्या कुलकर्ण्यांच्या हाती. विजापूरच्या पहिल्या इब्राहिम आदिलशहाने (1534 ते 1558) महसुलाच्या दप्तरात फारसीऐवजी देशी भाषा आणली. अशा दप्तरांतून फारसी-अरबी शब्द मराठीच्या अंगवळणी पडले आणि त्यांचे मूळ लोक विसरले. जकात हा शब्द त्यांतलाच. 1671 मध्ये छत्रपती शिवाजी महाराजांनी कुडाळच्या अधिकाऱ्यास पाठविलेले पत्र प्रसिद्ध आहे. पोर्तुगीजांच्या ताब्यातील बारदेशचे मीठ स्वस्त पडते, व्यापारी तेच उचलतात आणि आपल्या मुलखातील मिठागरे बुडतील. म्हणून बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवावी, असा त्याचा आशय आहे. पाहा, येथे जकात धर्माची राहिलेली नाही. ती आपल्या मुलखातल्या मीठ पिकविणाऱ्याचे रक्षण करणारी झाली आहे.

1674 च्या राज्याभिषेकानंतर महाराजांच्या आज्ञेने रघुनाथ नारायण हणमंते यांच्या देखरेखीखाली राज्यव्यवहारकोश तयार झाला आणि कारभारातील फारसी-अरबी शब्दांना संस्कृत पर्याय सुचविले गेले. त्यांतले काही रुजले. जकात मात्र मराठीत राहिली. जकातदार, जकाते अशी आडनावेही तिने दिली. पुढे पेशवाई गेली, इंग्रज आले, महानगरपालिका आल्या. मुलुंडच्या नाक्यावर सर्व धर्मांच्या ट्रकमालकांनी एकाच दराने जकात भरली आणि ती शहराच्या तिजोरीत गेली.

तेव्हा त्या मुलाला उत्तर असे द्यावयास हवे होते: बेटा, शब्द एकच आहे. तेराशे-चौदाशे वर्षांच्या प्रवासात त्याचे दोन संसार झाले. दादी काढतात ती जकात द्यायची म्हणून देतात. नाक्यावरची जकात भरावी लागते म्हणून भरतात. पहिली गरिबाच्या हातात जाते, दुसरी शहराच्या तिजोरीत.

पालकांस आणि विद्यार्थ्यांस

यातून काय घ्यावयाचे? काही जण म्हणतात, जकात हा परका शब्द, तो कशाला हवा? आपल्यातलेही काही म्हणतात, आमचा पवित्र शब्द यांनी बिघडविला. इतिहास दोघांनाही साथ देत नाही. शब्द कोणी पळविला नाही आणि कोणी लादलाही नाही. तो वापरणाऱ्यांच्या गरजेप्रमाणे बदलत गेला. मराठीने त्याला आपला प्रत्यय लावून 'जकातीचा', 'जकातीला' केले, त्या क्षणी तो मराठी झाला. उर्दू घरात तो आपल्या पहिल्या अर्थाने राहिला. दोन्ही खरे आहेत.

म्हणून पालकांना विनंती ही की, घरची भाषा आणि शाळेची भाषा यांत मूल अडखळले तर हसू नका. ते चुकत नाही, ते दोन भाषा ताडून पाहत असते. अशा प्रश्नाला उत्तर देता आले नाही तर 'आपण शोधू' एवढे तरी म्हणा. तसेच मूल मराठी शिकले म्हणजे उर्दू विसरेल, किंवा उर्दू वाचले म्हणजे मराठीत मागे पडेल, ही भीतीही सोडून द्या. वर सांगितलेले भेद ओळखायला दोन्ही भाषा बऱ्यापैकी याव्या लागतात, आणि ज्याला त्या येतात त्याचा 'हरकती'वर घात होत नाही.

विद्यार्थी मित्रांनो, तुमच्या मदतीला थोर माणसांनी केलेले काम उभे आहे. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश 1831 मध्ये निघाला, त्याची वाढविलेली दुसरी आवृत्ती 1857 ची. त्यात शब्दाजवळ तो संस्कृत, अरबी की फारसी याची खूण दिलेली आहे. कवी माधव जूलियन, म्हणजे माधवराव पटवर्धन, हे फारसीचे प्राध्यापक. त्यांचा फार्शी-मराठी कोश 1925 चा. मौलवी अब्दुल हक यांनी मराठीवरील फारसीच्या प्रभावाविषयी उर्दूत पुस्तक लिहिले. आणि डॉ. यू. म. पठाण यांचे नाव तर प्रत्येक घरी माहीत असावे. मराठी संतसाहित्य आणि मराठीतील फारसी यांचा त्यांनी जन्मभर अभ्यास केला, औरंगाबादच्या विद्यापीठात मराठी शिकविले आणि 1990 मध्ये पुण्याच्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद भूषविले. दोन भाषांच्या मध्ये उभे राहणे ही अडचण नाही, ती एक पात्रता आहे, हे त्यांच्याकडे पाहून पटते.

आजपासून एक वही करा. घरी ऐकलेला शब्द शाळेत निराळ्या अर्थाने भेटला की तो त्यात लिहा. समोर तीन गोष्टी नोंदवा: घरचा अर्थ, मराठी अर्थ, आणि कोशात दिलेले मूळ. वर्षअखेर शंभर शब्द सहज होतील. पहिल्या पानावर 'जकात' लिहावयास विसरू नका. आणि घरातले धाकटे भावंड त्याबद्दल विचारील तेव्हा त्याला नीट सांगा.